आर्म्सबंदीचा हुकूम

धामणगिरी संस्थानात नवे राजे कमरेला वाडवडिलांची तलवार लावूनच गादीवर बसत. ही रीत मोडायची म्हणून इंग्रज रेसिडेंट साहेबाने हुकूम धाडला, "दरबारात कोणीही आर्म्स आणू नयेत." तरुण राजेसाहेब हिरमुसले. दिवाण त्रिंबकराव गुप्ते मात्र शांतपणे म्हणाले, "सरकार, हुकूम पाळू या. अगदी शब्दशः."

दरबाराच्या दिवशी साहेब ऐटीत आला, पण मुजऱ्यासाठी एकही हात उठला नाही. सगळे शालीत हात गुंडाळून उभे होते. साहेबाने गादीची सनद पुढे केली, तर राजेसाहेबांनीही ती घेतली नाही.

"हा काय प्रकार आहे?" साहेब कडाडला.

"आर्म्स म्हणजे हात ना, साहेब? आम्ही ते बंद ठेवलेत," त्रिंबकराव नम्रपणे म्हणाले.

"आर्म्स म्हणजे शस्त्रं!"

"आणि आपल्या टोपीवर जे राजचिन्ह आहे, त्यालाही इंग्रजीत 'कोट ऑफ आर्म्स', म्हणजे आर्म्सच म्हणतात. आमची तलवारही राजचिन्हच आहे. ती बाहेर ठेवायची असेल, तर टोपीही बाहेर ठेवावी लागेल."

साहेबाचा हात नकळत टोपीकडे गेला. तो पुटपुटला, "तलवार आणा."