सरंजाम्यांचा परफॉर्मन्स पॅक

नाशिकच्या एका शोरूमचे मालक अभिजित सरंजामे यांनी नियमच काढला होता. स्पोर्ट्स कार हवी, तर वेग आणि पकड वाढवणारा कंपनीचा जादा सामान, म्हणजे परफॉर्मन्स पॅकही घ्यायचा! हाडांच्या डॉक्टर रेवती सोमण यांनी बुक केलेली बिनपॅकची साधी गाडी दारात तयार होती. ती सरंजाम्यांनी अडवून ठेवली. एवढा महाग पॅक घेऊन नेमकं मिळतं काय, एवढंच बाईंनी विचारलं होतं.

"मॅडम, ते रक्तात असावं लागतं," सरंजामे चार गिऱ्हाइकांदेखत हसले. "माझे डोळे बांधा, पॅकची गाडी मी नुसती बसून ओळखतो. ज्यांना फरक कळत नाही, त्यांनी स्कूटर घ्यावी."

"बांधू या की! चुकलात तर माझी साधी गाडी आजच द्यायची."

"दिली!"

नव्या गाडीला बांधतात ती रुंद लाल रिबीन बाईंनी साहेबांच्या डोळ्यांवर बांधली. साहेबांना शेजारी बसवून शोरूमच्या ड्रायव्हरने गंगापूर रोडला एक फेरी मारली. साहेबांना उतरवलं, थोडं फिरवलं, पुन्हा बसवलं आणि दुसरी फेरी झाली.

"पहिली म्हणजे निव्वळ बैलगाडी!" सरंजामे गरजले. "ही खरी! काय ती पकड, वळणावर कशी चिकटून चालते! याला म्हणतात पॅक!"

त्यांनी रिबीन सोडली. पॅकची गाडी शोरूमच्या काचेआड होती तिथेच उभी होती.

"दोन्ही फेऱ्या माझ्या साध्या गाडीतच झाल्या, सरंजामेसाहेब," बाई म्हणाल्या. "पॅक तुमच्या डोक्यात बसवलाय. तो तिथेच राहू द्या आणि माझी किल्ली आणा."