जपलेली घोडी

“मग घोडीचं पोट रिकामं निघालंच कसं, बाबा? सांगा ना!”

डॉक्टर उद्धव गिरासे तिसऱ्यांदा हेच विचारत होता, आणि दर खेपेला त्याचा आवाज चढत होता. घोड्यांच्या डॉक्टरकीत साऱ्या खानदेशात आपला हात धरणारा कोणी नाही, अशी त्याची खात्री. आता त्याच हातानं दगा दिला होता ना, म्हणून जिवाची नुसती तगमग चालली होती.

विश्वंभरबाबा एकेकाळी पशुवैद्यकीय कॉलेजात शिकवत. उद्धव त्यांचाच विद्यार्थी. पुढे दोन्ही डोळे गेले आणि ते तापीकाठच्या या मठात येऊन राहिले.

“मालक काय म्हणतो?” बाबांनी विचारलं.

“म्हणतो, मैना आता म्हातारी झाली, गाभण राहत नाही, पायही गेले. आज संध्याकाळी इंजेक्शन देऊन मोकळी कर तिला… मी, बाबा! माझ्याच हातानं! तो तुमचा शब्द मोडत नाही. माजाचा आणखी एक हंगाम मागून द्या तिच्यासाठी.”

“पाय कशानं गेले?”

उद्धव जरा चाचरला. “उभं राहून… बांधून ठेवली होती. आखूड दोरावर.”

“का?”

“गर्भ पडू नये म्हणून! आधी दोनदा पडला होता. या खेपेला घोडा दाखवून भरवली, सोनोग्राफी केली, तर गर्भ होता! इवलासा ठिपका. पण एका जागी ठरेना. गर्भपिशवीला दोन शिंगं, दोन फाटे असतात ना, आज या शिंगात, उद्या त्या शिंगात. पिशवी सारखी आवळायची, सैल व्हायची, त्याला इकडून तिकडे ढकलायची. म्हटलं, ही बाई याला बाहेर लोटणार. मग पिशवी शांत करायचं औषध चालू केलं. हात घालून बघितलं तर मऊ, गप्पगार. ठिपका एका जागी बसला. जिवापाड जपलं हो मी तिला. आणि दोन आठवडे उलटून गेले, तर मैना परत माजावर! आत काही नाही!”

बाबा उठले. “पंगतीची वेळ झाली. बस त्या कोपऱ्यात. हलू नकोस, बोलू नकोस. मी वाढतो.”

मठाची रीत सगळ्यांना माहीत. बाबांना दिसत नाही, पण वाढायचं स्वतःच. पंगतीतल्या माणसानं त्यांचं मनगट धरायचं, नाव सांगायचं, की ताटात खिचडी पडते.

बाबा निघाले. मनगटं धरली जात होती. “मी सखू हो बाबा.” “मी दौलत.” कुणाच्या पाठीवर थाप, कुणाला चार शब्द.

उद्धव कोपऱ्यात बसून होता. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. बाबा अगदी त्याच्या पुढ्यात आले… आणि पुढे गेले.

माणसं हात धुवायला उठली.

“झाले ना सगळे?” बाबांनी विचारलं. “उरलंसुरलं कुत्र्यांना घाला.”

पातेलं अंगणात गेलं. एवढा मोठा डॉक्टर, पण तळाची खरपूड खरवडल्याचा आवाज ऐकून त्याला रडूच कोसळायचं बाकी राहिलं.

“बाबा! मी राहिलो ना!”

“कोण, उद्धव? तू होतास होय?”

“इथंच होतो! तुम्हीच म्हणालात, हलू नको!”

“म्हणालो खरा,” बाबा शांतपणे म्हणाले. “जपलं मी तुला.”

बाबा भिंतीला टेकून बसले. बोलताना आवाज वर्गातला झाला.

“मैनेला कुठं दिसतं, उद्धव, आत कोणी आलंय ते? पिशवीच त्या गर्भाला हिंडवते. या टोकाला, त्या टोकाला. सगळीकडे शिवून आला, की तिला कळतं, आणि मग ती त्याला घट्ट आवळून धरते. कळलं नाही, तर तिच्या लेखी घर रिकामंच. ती पुन्हा माजावर येते. शिकवलं होतं मी तुम्हाला.”

“शिकवलं होतं,” उद्धव पुटपुटला. “पण मला वाटलं, ती म्हातारी… तिला जमायचं नाही…”

“तुला जमेल, असं वाटलं.”

उद्धवनं मान खाली घातली. आता डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. “पुढच्या खेपेला औषधाला हात लावणार नाही. तुमची शपथ. एक हंगाम मागा, बाबा.”

“खुरांतून काय येतं?”

“…पू.”

“बरे होतील पाय?”

बाहेर कुत्री पातेलं चाटत होती.

“डॉक्टर म्हणून विचारतोय. बरे होतील?”

“…नाही.”

“मग हंगाम कुणासाठी मागू?”

स्वतःसाठी, हे उद्धवला कळून चुकलं. लाजेनं त्याचे कान तापले. तो उठला, पिशवी खांद्याला लावली. पिशवीत सुई होती, औषधाची बाटली होती. बाबांच्या पायांवर डोकं ठेवताना त्यानं कसंबसं विचारलं, “निघू?”

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

“सुई टोचायच्या आधी दोर सोड.”