आक्कांचे कान

चाळीस वर्षं लोकांचे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करून शिवराम तोडकर इतका दमला होता, की वाद घालायचा म्हटलं तरी त्याचे गुडघे दुखायचे. पण प्रमाणपत्रवाल्या महागड्या स्पीकरांची काही गरज नसते, असं तो कुठंतरी बोलून गेला आणि पतसंस्थेचे चेअरमन बाबासाहेब मगदूम यांनी त्याला बंगल्यावर बोलावलं.

दिवाणखाना संगमरवरी, एक भिंत अख्खी काचेची. शिवरामनं सवयीनं टाळी वाजवली; ती तीनदा परत आली.

पाहुण्यांसमोर चेअरमन कडाडले, "साडेतीन लाखांचे स्पीकर आहेत, परदेशी प्रमाणपत्राचे! शब्द मागं घे, नाहीतर संस्थेचं दुरुस्तीचं काम विसर!"

"घेतो की. आधी आक्कांना विचारू."

सिनेमा लावला. चेअरमनांच्या आई, आक्का, वैतागल्या. "नुसतं घुमतंय बाबा. कोण काय बोललं, कळंना."

शिवरामनं पिशवीतला आपला साधा स्पीकर आतल्या अंथरुणाच्या खोलीत ठेवला. तिथं गाद्या-गोधड्यांच्या चळती छताला टेकल्या होत्या. आक्कांना तिथं बसवून मोबाइलवरून तोच प्रसंग लावला. आक्का खुदकन हसल्या. "सून सासूला टोमणा मारतीया!"

"लबाडी! तू खोली बदललीस!" चेअरमन ओरडले.

"तेच तर सांगतोय, साहेब. प्रमाणपत्र स्पीकरला मिळालंय, दिवाणखान्याला नाही. ह्या गोधड्या तिकडं भिंतींना टांगा, तुमचेही स्पष्ट बोलतील."

"संगमरवरावर गोधड्या? सगळी शोभा जाईल!"

शिवरामनं गुडघ्यावर हात टेकून पिशवी उचलली.

"मग आक्कांना शोभाच ऐकवा."