तिसऱ्या वारापूर्वी

“मग माझ्या समर्पणात उणे कोठे राहिले, आबा?”

प्रचारक शमुवेल मकासरे यांनी हा प्रश्न उभ्यानेच विचारला. ख्रिस्ती देवळाच्या ओसरीवर तीमथ्य आबा वैरागर ओल्या फडक्याने गळा पुशीत बसले होते. नव्वदीला टेकलेले हे निवृत्त पाळक. मकासरे त्यांच्याच हाताखाली शिकलेले. हंगामाच्या सणाचा लिलाव अजूनही दरसाल आबांच्याच तोंडून व्हायचा. प्रभूला वाहिलेली पहिली कणसे, कोंबड्या, भोपळे उपासनेनंतर अंगणात मांडायचे आणि आबांनी पुकारायचे, ही त्या मंडळीची जुनी रीत. आजचा लिलाव नुकताच उरकला होता.

“उणे कशावरून म्हणतोस?”

“चाळीस दिवस उपास केला. रोज एकच मागणे... माझे नको, प्रभू, तुझेच होवो. तरी मनाला शांती नाही.”

“कोणाविषयी मागणे?”

“दुर्कसविषयी.”

दुर्कस ही मकासऱ्यांची एकुलती एक लेक, परिचारिका. सातपुड्यातल्या एका मिशन दवाखान्याने तिला बोलावले होते. उद्या सकाळची एस.टी. होती, ट्रंक भरलेली होती, आणि बापाच्या तोंडून ‘जा’ निघाल्यावाचून ती उंबरा ओलांडणार नव्हती.

“शांती नाही, याचा अर्थ प्रभूची इच्छा नाही,” मकासरे म्हणाले. “मी तर तिला बाप्तिस्म्याच्या दिवशीच त्याच्या चरणी वाहिली. सारी मंडळी साक्षीला आहे.”

“ठाऊक आहे. पाणी मीच शिंपडले.”

आबांनी अंगणाकडे बोट केले.

“आणि तुझी कालवड रे? सकाळी वेदीपुढे आणली होतीस ती?”

मकासऱ्यांचा चेहरा खुलला. “ती मीच सोडवली. ठोंबऱ्यांनी बोली फार चढवली, पण मी कसला हटतो. तुम्हीच तर पुकारीत होता.”

“सोडवायची होती, तर वाहिलीस कशाला?”

“अंगणात वाढलेले जनावर, आबा. परक्या दावणीला चारा गोड लागायचा नाही तिला. आणि दान तर झालेच. देवळाला मिळायचे ते मिळाले.”

“मिळाले,” आबा म्हणाले. “टाळ्याही मिळाल्या.”

मकासऱ्यांना त्यात कुचेष्टेचा वास आला. पण वडीलधाऱ्यांच्या तोंडी लागणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते. त्यांनी गुडघे टेकले.

“डोक्यावर हात ठेवा, आबा. त्याची इच्छा पुरी होवो, एवढेच मागा.”

“एवढेच?”

“एवढेच.”

आबांचा हात डोक्यावर आला. मकासऱ्यांनी डोळे मिटले...

आबांनी घसा खाकरला, आणि कोंबड्या-भोपळ्यांवर फिरलेला तो खणखणीत आवाज पुन्हा निघाला.

“दुर्कस शमुवेल मकासरे. वय चोवीस. बाप्तिस्म्याला वाहिलेली. पहिली बोली प्रभूची... एक वार.”

मकासऱ्यांनी चरकून डोळे उघडले. पायरीवर चपला शोधणाऱ्या बायका जागीच थबकल्या.

“आबा, ही काय थट्टा...”

आबांच्या चेहऱ्यावर थट्टेचे चिन्ह नव्हते. डोक्यावरचा हात जड होत चालला होता.

“दोन वार.”

चाळीस दिवस ज्या तोंडाने ‘तुझेच होवो’ म्हटले, त्या तोंडाला कोरड पडली. आबांचे ओठ तिसऱ्यांदा विलग होताना दिसले, आणि आपण काय करतो आहोत हे कळण्यापूर्वीच मकासऱ्यांचा उजवा हात वर गेला.

तो वर गेलेला हात त्यांनी स्वतःच पाहिला. खाली घ्यावा, तर घेववेना.

आबा वाकले. आवाज अगदी मृदू झाला होता.

“सांग, शमुवेल... त्याच्यापेक्षा किती अधिक?”