गगनहंसाच्या खिडक्या

गगनहंस विमानाला खिडक्या तीन की सात? या प्रश्नावरून देवळीच्या दरबारात तलवारी उपसायच्याच काय त्या बाकी होत्या!

विश्राम चित्रकथी आणि त्याची मुलगी चंद्री एकेक चित्र पुढे धरून राजपुत्राची गोष्ट गात होते. विमान उडालं तेव्हा ते पालखीएवढं होतं आणि खिडक्या तीन होत्या. आतलं चित्र आलं, तर सात! शिवाय आत एक हत्तीही डुलत उभा! राज्याची कामं बाजूला टाकून सगळे त्यावर तुटून पडले.

"उरलेल्या चार मागे असतील," फडणीस म्हणाले.

"मागे शेपूट आहे, डोळे तपासून घ्या!" सेनापती गरजले.

"अहो, पण पालखीएवढ्या विमानात हत्ती शिरला कसा?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"घडी घालून!" मागून कोणीतरी ओरडलं.

राजे उदाजीराव स्वतःच गगनहंसाच्या नादी लागलेले. त्यांनी मांडीवर हात आपटला. "पुरे! विश्राम, पौर्णिमेपर्यंत हे विमान लाकडात बांधून आण. उडालं नाही तरी चालेल. पण बाहेरून पालखीएवढं आणि आत हत्ती उभा! नाही जमलं, तर तुझी सगळी चित्रं जप्त!"

विश्रामचा चेहरा पडला. चित्रं गेली की पोट गेलं. चंद्रीच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. भांडायचं या रिकामटेकड्यांनी आणि निस्तरायचं आम्ही?

"बांधते, महाराज!"

"चंद्रे, गप!" विश्राम कुजबुजला.

"थांबा हो, बाबा. महाराज, मापाला फक्त तुमच्या चित्रकाराचा गज द्या."

"माझा गज कशाला?" दरबारी चित्रकार चमकला.

चंद्रीनं सिंहासनामागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे त्यानं रंगवलेल्या उदाजीरावांच्या कमरेला किल्ल्याचा महादरवाजा लागत होता आणि पायाशी मांजराएवढा हत्ती उभा होता.

"महाराजांनी एकदा महादरवाज्यापाशी उभं राहावं. दरवाजा कमरेला लागला, की गज खरा! मग असला हत्ती पालखीत काय, परडीतही बसवते!"

दरबाऱ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या.

"अगं पोरी," चित्रकार चिडला, "थोर माणूस थोर दिसला पाहिजे, ही आमची रीत आहे!"

"आमचीही तीच! राजपुत्र आत बसला की विमान महालाएवढं. तो बाहेर पडला की पालखीएवढं!"

राजांनी वळून भिंतीकडे पाहिलं, पायाशी उभ्या हत्तीकडे पाहिलं आणि ते पोट धरून हसत सुटले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी चंद्रीला दिलं.

"चित्रं तुमचीच! आता पुढचं लाव बघू लवकर, राजपुत्र उतरला कुठे?"