मुकिंदाचा पॉइंटर

पिंपळसोंड गावात मुकिंदा ढगे नावाचा एक भोळा गडी होता. वय चौतीस, लग्न ठरत नव्हतं. म्हणून आईने त्याला तालुक्याला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. लगेच स्थळ आलं. शिवराम लोखंड्यांची प्रणिता. मुकिंदा खूश झाला आणि क्लासमधल्या मॅडमचा शब्द न् शब्द गिरवू लागला.

कानिटकर मॅडम 'सी' ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायच्या. म्हणाल्या, "स्ट्रक्चर म्हणजे पेटी. आत नाव, वय, उंची, सगळं एकत्र. फंक्शनला अख्खी पेटी दिली तर तिची नक्कल करत बसावं लागतं. म्हणून पेटी हलवायची नाही. नुसता तिचा पत्ता द्यायचा. तोच पॉइंटर."

मुकिंदाला पटलं.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "गिरणीतनं पिठाचा डबा आण रे."

मुकिंदा गेला आणि चिठ्ठी घेऊन आला. 'मारुतीच्या देवळामागे, डावीकडची गिरणी.'

"पीठ कुठाय?"

"ह्या पत्त्यावर. डबा हलवायचा नसतो."

त्या दिवशी दोघांनी चुरमुरे खाल्ले.

क्लासमध्ये हे ऐकून मॅडमनी कपाळावर हात मारला. "अहो, नुसता पत्ता घेऊन काय करायचं? पुढे बाणाचं चिन्ह काढायचं, त्या पत्त्यावर पोचायचं आणि तिथल्या तिथे पेटीतलं नाव बदलायचं, वय बदलायचं!"

मुकिंदाला हेही पटलं.

आईने त्याला लोखंड्यांचा पत्ता दिला. "पत्रिका देऊन ये. नीट वाग."

मुकिंदा पोचला. दारावर पाटी होती, 'शिवराम लोखंडे'. त्याने खिशातून खडू काढला, नाव खोडलं आणि 'मुकिंदा ढगे' लिहिलं. होणारे सासरे बाहेर आले.

"जावईबापू, हे काय?"

"नाव बदललं. आता तुमचं वय. किती लिहू?"

सासरे लाल झाले. आईने येऊन हातापाया पडून कसंबसं निभावलं.

"अहो, हे प्रोग्रॅममध्ये करायचं!" मॅडम रडकुंडीला आल्या. "आता शेवटचं ऐका. काम झालं की जागा मोकळी करायची. आणि मोकळ्या केलेल्या जागेच्या पत्त्यावर पुन्हा चुकूनही जायचं नाही. गेलात की घोटाळा!"

मुकिंदाने मान डोलावली. घोटाळा त्यालाही नकोच होता.

लग्नाचा दिवस आला. आई वरात उतरवून घ्यायला घरीच थांबली. अक्षता पडल्या, सप्तपदी झाली. भटजी म्हणाले, "झालं हो काम!"

"झालं?"

"झालं."

मुकिंदा उठला. जेवणाच्या पंगती उठवल्या. चटया गुंडाळल्या. मग मांडवाच्या दोऱ्या सोडल्या. मांडव सासऱ्यांवर आला, त्यांच्या हातात जिलबी होती.

प्रणिता घाबरून म्हणाली, "अहो, आणि मी?"

"तुम्हीपण मोकळ्या!" मुकिंदा प्रेमाने म्हणाला आणि निघाला.

घरी आई दारात तांदळाचं माप ठेवून उभी. शेजारणी ताट घेऊन उभ्या. मुंडावळ्या बांधलेला मुकिंदा एकटाच चालत आला.

"अरे, सून कुठाय?"

"मांडवात होती."

"मग जा की, घेऊन ये!"

मुकिंदाने दोन्ही कानांना हात लावले. "नको गं बाई! ती जागा मोकळी करून आलोय. आता पुन्हा गेलो तर घोटाळा होईल."