टिटवीचा खडा

नदीकाठी माणसांची वस्ती व्हायच्या आधीची गोष्ट. तेव्हा रानाचा न्याय एक म्हातारा वानर धोंड्यावर बसून करायचा. निकाल ऐकला की फिर्यादीने सोबत आणलेला खडा नदीत टाकायचा, अशी रीत होती. डुबुक असा आवाज आला की निकाल पक्का.

वानर न्यायाला चोख होता. पण निम्मं रान जमायचं ते त्याचे विनोद ऐकायला, आणि हे त्यालाही आवडायचं.

एकदा टिटवी फिर्याद घेऊन आली. म्हशीने तिची अंडी तुडवली होती. म्हैस धोंड्यासमोर मान खाली घालून उभी होती.

"टिटवीबाई," वानर म्हणाला, "झोपेत सगळं आभाळ पायांवर तोलून धरता म्हणे. आणि चार अंडी सांभाळता आली नाहीत?"

सगळे पोट धरून हसले. हशा ओसरायच्या आत वानराने निकालही देऊन टाकला, "दोष म्हशीचा. तिने या काठावर पुन्हा पाय ठेवायचा नाही."

निकाल बरोबरच होता. सगळे कान देऊन थांबले, पण डुबुक काही ऐकू येईना.

"खडा टाका, बाई. निकाल तुमच्याच बाजूने लागलाय."

"लागला का?" टिटवी म्हणाली. "मला नुसतं हसणंच ऐकू आलं."

तिने खडा वाळूत ठेवला, पिसं फुलवली आणि अंडं उबवावं तशी त्याच्यावर बसली.

कोणी हसलं नाही. वानर धोंड्यावरून उतरला आणि मान खाली घालून म्हशीशेजारी उभा राहिला.